लाइनवर राहा

रेल्वे लाइन्स, सोलापूर
२२ जानेवारी १९७५

प्रिय महादेवी,

तुझं पत्र काल दुपारी पोचलं. पोस्टमन फाटकातूनच "नागपूर!" म्हणून ओरडला, तशी मी कणकेच्या हातानं धावत गेले. वाचून झाल्यावर मात्र वाटलं, कणीकच मळत बसले असते तर बरं झालं असतं. टेलिफोन सुपरवायझरचं ट्रेनिंग अर्ध्यावर टाकून परत येतेस म्हणे. कारण काय, तर इंग्रजीच्या तासाला 'लाइन' हा शब्द घालून दहा वाक्यं लिहायला सांगितली, तुला चारच सुचली, आणि त्यातलं 'माय ब्रदर इज इन लाइन' वाचल्यावर सगळा वर्ग हसला. बरं मग? हसले तर हसले. सोलापुरात कुणाचंही पोरगं नोकरीला चिकटलं की आपण ते लाइनीला लागलं म्हणतो, तेच तू इंग्रजीत म्हणालीस. तेवढ्यावरून वळकटी बांधून गाडीत बसणारी महादेवी माझ्या ओळखीची नाही. आणि पत्राच्या शेवटी, 'ताई, इंग्रजी हे निमित्त, खरं म्हणजे मी बोर्डवर बसायच्याच लायकीची नाही,' असं जे एक वाक्य टाकून दिलंयस, त्याचं उत्तर मी आत्ता देणार नाही. शेवटी देईन. तोवर नीट बसून वाच, मध्येच उठून चहाला जाऊ नकोस.

परत आलीस तर काय होईल ते तुला मी सांगायला नको. वळसंगला तुझे बसप्पाकाका टपूनच बसलेत. मंगळवेढ्याचं स्थळ, ज्वारीची काळी जमीन, दारात बैलजोडी, आणि अट एकच, की मुलीनं टेलिफोनची नोकरी सोडायची. सुपरवायझर होऊन आलीस तर पुतणीपुढं त्यांचा आवाज चढायचा नाही. अर्ध्यातून परत आलेल्या पुतणीला मात्र ते महिन्याभरात बोहल्यावर उभी करतील, आणि तुझ्या आई, चंद्रव्वा, बिचाऱ्या एकट्या त्यांना कशा थोपवतील? लग्न कर, माझं काही म्हणणं नाही. पण हरून आल्यासारखी करू नकोस, आणि तो हेडसेट काढून ठेवून तर मुळीच नको. तुझ्या कानाला तो जसा शोभतो तसे मोत्याचे कुडकही कुणाला शोभत नाहीत.

पत्र वाचून माझं डोकं असं भणभणलं की संध्याकाळी यांची जुनी डिक्शनरी काढली. हे गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती, आमच्या शालननं तेवढी तिच्यात जास्वंदीची फुलं वाळत घातली होती. ती झटकली आणि 'लाइन' काढला. अग, त्या एवढ्याशा शब्दाला पानंच्या पानं आहेत! कपडे वाळत घालायची दोरी ती लाइन, म्हातारीच्या कपाळावरची सुरकुती ती लाइन, गळाची दोरी लाइन, आजा-पणजापासूनचं घराणं लाइन, सैन्याची फळी लाइन, नाटकातलं वाक्य लाइन, माणसाचा धंदा तोही लाइन. माझे डोळे दुखायला लागले. पण गंमत अशी झाली की एकेक अर्थ वाचताना दर खेपेला तूच डोळ्यांपुढं यायला लागलीस. म्हणून ठरवलं, तुझी वाक्यं आपणच लिहून द्यावीत, मराठीत. इंग्रजी तू कर. आणि वर्गात हसणाऱ्यांपैकी एकानं तरी त्यातला एक अर्थ तुझ्यासारखा जगून दाखवावा, मग मी माझं तोंड मिटेन.

पहिली आपली रोजची लाइन, तारेची. तू एक्स्चेंजमध्ये आलीस तो दिवस मला चांगला आठवतो. इरकली लुगडं, तेलानं चप्प बसवलेले केस, कपाळावर विभूतीचा बारीकसा पट्टा. सुपरवायझर लीलाबाईंनी तुला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, प्रभा, हिला तयार कर. तू पहिलाच दिवा लागला तशी कॉर्ड खोचलीस आणि 'नंबर प्लीज' म्हणायच्या ऐवजी मोठ्यांदा विचारलंस, "हॅलो, शोलापूर! कोण पायजे तुमाला?" अख्खी खोली खो खो हसली. मीही हसले, कबूल करते. तू आमच्याकडं एकदा पाहिलंस आणि पलीकडच्या माणसाला शांतपणे म्हणालीस, "तुमी बोला वो, हितं जरा हशा चाललाय." आठ दिवसांत त्या हसण्याचं काय झालं तेही मला आठवतंय. पूर्व भागातले चादरीचे व्यापारी फोन लावताना 'ती वळसंगची बाई हाय का' म्हणून विचारायला लागले. विजापूरशी कानडीत बोलायचीस, हैदराबादशी शेजारणीकडून उचललेल्या तेलुगूत, गुलबर्ग्याच्या शेटशी दख्खनीत, आणि ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाशी तुझ्या स्वतःच्या भाषेत. "दादा, लाइन काय माज्या पदराला बांदलीय व्हय? देते म्हटलं की देते, लाइनवर ऱ्हावा." आणि तो मुंबईला दम भरणारा दादा निमूटपणे लाइनवर राहायचा. आवाजात इतकी माया आणि इतकी जरब एकाच वेळी कशी आणायचीस ते मला अजून उमगलेलं नाही. मी नऊ वर्षं आधीपासून बोर्डवर, पण माझ्यावर लोक चिडायचे ते चिडायचेच. आणि दर दुपारी डबा उघडायच्या आधी माझ्याकडं बघून तुझं ते एक ठरलेलं, "ताई, जेवून घ्या की." मला भूक असो नसो, कामाची गर्दी असो नसो. मी कधीकधी वैतागायचे, आता त्या वेळेला खोली फार शांत वाटते.

मग बहात्तर सालच्या दुष्काळातल्या त्या दुसऱ्या लाइनी. त्या वर्षी सोलापुरात माणूस दिसला की तो कशाच्या तरी लाइनीत उभा असायचा. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची लाइन, रॉकेलची लाइन, टँकरची लाइन. यांचं छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, शालन लहान, आणि माझी ड्यूटी अशी वेडीवाकडी की कुठल्याच लाइनीत माझा नंबर लागायचा नाही. तू सकाळची पाळी संपवून स्वतःच्या घरची घागर भरायचीस, आणि मग माझा रॉकेलचा डबा घेऊन उन्हात उभी राहायचीस. मी नको म्हटलं की म्हणायचीस, "हुबं ऱ्हायला काय पैशे पडत्यात व्हय?" आणि तो केसांचा कोंबडा काढलेला पोरगा आठवतो का, एक्स्चेंजच्या फाटकासमोर सायकल टेकवून उभा राहायचा तो? दुसरी कुणी असती तर पदर सावरून पलीकडच्या रस्त्यानं गेली असती. तू सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "रोज हितं मोकळंच हुबं ऱ्हाताव न्हवं? मग तितं हुबं ऱ्हावा की, तेवडंच ताईंच्या चुलीला बरं." डबा हातात दिलास आणि नेऊन रॉकेलच्या रांगेत लावून आलीस. बिचारा दोन-तीन दिवस इमानानं उभा राहिला, मग सायकलसकट कुठं गेला कुणास ठाऊक. आमचा भिमा शिपाई अजून नव्या मुलींना ती गोष्ट सांगतो, आणि दर वेळी रांग थोडी लांब करून सांगतो.

आता तुझ्या भावाचं वाक्य. दोनदा मॅट्रिकला आपटलेला गुरुलिंग, अक्कलकोटला मित्रांबरोबर मठाच्या आवारात दिवसभर बसून राहायचा, नि घरी येऊन चंद्रव्वांवर आवाज चढवायचा. तुझ्या जागी मी असते तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. तू त्याला एकदा ड्यूटी संपल्यावर एक्स्चेंजच्या मागं नेलंस, खांबावर चढलेला माणूस दाखवलास आणि विचारलंस, "हे जमतंय का बग. जमत नसंल तर आजच सांग, मी दुसरं बगते." एवढंच. ओरडली नाहीस, रडली नाहीस. पोरानं वायरमनचा कोर्स केला, आणि आज वीज मंडळात लाइनमन आहे. परवा मला स्टँडवर भेटला, खाकी कपड्यांत, कमरेला पट्टा. "अक्का कशी हाय?" म्हणून विचारलं आणि डोळे पुसले. तेव्हा तुझ्या वर्गाला सांग, की माय ब्रदर इज इन लाइन हे वाक्य बरोबर आहे की चूक ते मास्तर बघून घेतील, पण ते खरं करायला मला, त्याच्या अक्काला, चार वर्षं लागली.

मध्येच थोडी इकडची खबर देते, नाहीतर म्हणशील ताईनं नुसतं झोडपलं. सिद्धेश्वराची गड्डा जत्रा अजून चालू आहे. यंदा नंदीध्वजांची मिरवणूक बघायला शालनला घेऊन बाळीवेशीत तुझ्या मावशीच्या ओट्यावर उभी राहिले. गुरम्मामावशींनी आत येऊन बसा म्हणून खूप आग्रह केला, पण ज्या जागी तू दरवर्षी हात जोडून उभी राहतेस तिथं शालन उभी राहिली आणि म्हणाली, महादेवीमावशीची जागा मी धरून ठेवलीय. आकाशपाळण्यात बसून आली आणि घरी येऊन ओकली. एक्स्चेंजमध्ये पाच नंबरच्या पोझिशनची कॉर्ड पुन्हा कुरकुर करतेय, भिमा तिला नावं ठेवतोय. लीलाबाई जूनमध्ये रिटायर होणार. त्यांची खुर्ची रिकामी होईल, आणि त्या खुर्चीवर कोण बसावं यावर आम्हा सगळ्यांचं एकमत आहे. गेली चार वर्षं ज्या बाईनं तुला सगळ्यांत जास्त बोललं त्या लीलाबाईच परवा म्हणाल्या, "ती वळसंगची आली की मी सुखानं जाईन." मी तोंडात बोट घातलं.

लीलाबाईंचं नाव निघालं, तर ती सगळ्यांत मोठी बोलणी ज्यावरून खाल्लीस ती गोष्ट सांगते. तू पत्रात लिहिलंयस, तुझ्या सरांनी वर्गात सांगितलं, लाइन खराब असली की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही, तेव्हा मधल्या ऑपरेटरनं एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं, 'ते असं म्हणताहेत' एवढंच म्हणायचं, आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. घालेल तो बोर्डवर बसायच्या लायकीचा नाही. नियम म्हणून बरोबरच आहे ते. आम्हीही तसंच करत आलो, कोरडं, टपाल टाकल्यासारखं. पण एकाहत्तरच्या लढाईनंतरचा तो दिवस आठव. वळसंगच्याच सुंदरम्मा, मुलगा फौजेत, पुण्याच्या दवाखान्यात जखमी होऊन पडलेला. म्हातारी सोलापूरला येऊन आपल्या बूथमध्ये उभी, फोन उलटा धरलेला, आणि लाइन अशी की नुसती खरखर. पुण्याकडून पोरगा ओरडतोय, हिला काही ऐकू येत नाही, ही 'माजा लेक गेला' म्हणून ऊर बडवायला लागलेली. तू 'ते म्हणताहेत' वगैरे काही म्हणालीस नाहीस. कॉर्ड धरलीस आणि त्याच्याच तोंडानं बोलायला लागलीस, "अव्वा, ना आराम इदीनि." आई, मी बरा आहे. पायाला लागलंय, हात धड आहेत, भाकरी खातोय, तू रडू नको. तो तिकडून एक वाक्य बोलायचा, तू इकडं तेच, पण लेकानं आईला म्हणावं तसं. म्हातारीचं रडणं थांबलं. तिनं बूथमधून विचारलं, दाढी केलीस का रे? आणि तूही त्याला विचारून सांगितलंस, केली अव्वा, काल.

लीलाबाई किती ओरडल्या! हा काय तमाशा, हे नियमात कुठं आहे, गिऱ्हाइकाच्या जागी आपण 'मी' म्हणायचं म्हणजे काय. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. महिन्याभरानं सुंदरम्मा परत आल्या. भिमा सांगत आला, बाहेर एक म्हातारी बसलीय, उठत नाही, म्हणते, "माज्या लेकाच्या तोंडानं बोलली ती पोरगी कुटं हाय?" तू बाहेर गेलीस, तिनं तुझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवले, बोटं मोडली, आणि कडक भाकरी नि शेंगाचटणीचं गाठोडं तुझ्या ओटीत घातलं. लीलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी त्यांनीही त्यातली अर्धी भाकरी खाल्ली, आणि नियमाचं नाव पुन्हा काढलं नाही. मी मात्र तेव्हाच मनात म्हटलं, ही पोरगी वयानं माझ्याहून लहान असेल, पण या कामात मी हिच्याकडून शिकायचं.

डिक्शनरीत आणखी एक अर्थ सापडला, तो मला ठाऊकच नव्हता. कपड्याला आतून अस्तर लावतात ना, त्यालाही इंग्रजीत 'लाइन' म्हणतात. मला हसूच आलं. तू माझ्या निळ्या ब्लाउजला अस्तर लावून दिलंस तो ब्लाउज अजून टिकलाय, कापड विरलं तरी अस्तर गेलं नाही. पण हसून झाल्यावर डिक्शनरी मिटली. ज्या गोष्टीबद्दल आपण दोघी गेली दीड-दोन वर्षं एक अक्षर बोललो नाही, ती तेव्हा मनात आली. म्हणून आता ते शेवटचं वाक्य.

'मी बोर्डवर बसायच्या लायकीची नाही.' कुठल्या चुकीबद्दल म्हणतेयस ते मला ठाऊक आहे, महादेवी. सर नियम सांगत होते तेव्हा तुझ्या मनात सुंदरम्मा नव्हत्या, मी होते. त्र्याहत्तरचा जून. हे मिरजेला दवाखान्यात, चिंतामणीभावजी सोबतीला. शालनला गोवर, म्हणून मी तिला शेजारी राजाबाईंकडं ठेवून दुपारच्या एस.टी.नं निघणार होते. सकाळी भिमा सायकल दामटत घरी आला, मिरजेचा कॉल लागतोय, साहेबांना बोलायचंय, लगेच चला. मी अंगावरच्या साडीनिशी आले आणि बूथमध्ये शिरले. मिरजेची लाइन तुझ्याकडं होती, आणि ती किती वाईट होती ते तुला माहीत आहे. यांचा आवाज मला विहिरीच्या तळातून आल्यासारखा, शब्द एकही कळेना. तू मध्ये आलीस आणि तुझ्या पद्धतीनं सांगायला लागलीस. "प्रभा, छत्री नव्या पेठेत दुरुस्तीला टाकलीय, पावसाच्या आत घेऊन ये." हे यांचंच, शंभर टक्के. दवाखान्यात पडून छत्रीची काळजी! मला हसू आलं आणि रडूही आलं. "चिंतूवर चिडू नकोस, त्यानं फार केलं." हेही यांचंच. आणि मग कानातली ती बारीक सूं सूं थांबली. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला ते कळलं नसतं. पण मी गिऱ्हाईक नव्हते, हे त्या घाईत तू विसरलीस. चालू लाइनीत कुणी बोलत नसलं तरी आत काहीतरी हलत असतं, आणि तुटली की कानात कापूस कोंबल्यासारखं होतं, हे मीच तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मिरज गेलं होतं. तू दोनदा हळूच 'मिरज, मिरज' केलंस. आणि मग पुन्हा यांच्या तोंडानं म्हणालीस, "प्रभा, घाबरू नकोस. तू होतीस म्हणून माझा संसार झाला. उपाशी गाडीत बसू नकोस, जेवून घे."

अग वेडे, आमच्या सबंध संसारात यांनी मला 'जेवलीस का' असं एकदाही विचारलं नव्हतं. वाईट नव्हते ते, त्यांना ते सुचायचंच नाही. 'जेवून घे' म्हणणारं माझ्या आयुष्यात एकच माणूस होतं, आणि ते काचेपलीकडं पाठमोरं बसलं होतं. मी 'हो, जेवते' म्हणाले. ते मी यांना म्हणाले नाही, तुला म्हणाले. घरी गेले, राजाबाईंनी वाढलेला दहीभात खरंच दोन घास खाल्ला, आणि गाडीत बसले. मिरजेला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढचे दोन दिवस कुणी मला अन्नाचं विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. त्या दोन घासांवर मी उभी राहिले. तेव्हापासून तू माझ्याशी बोलताना मध्येच नजर खाली घालतेस, मला दिसत होतं. मी विषय काढला नाही, कारण तू संकोचशील असं वाटलं, आणि खरं सांगू का, ती वाक्यं मला हवी होती. ती कुणाची आहेत हे ठाऊक असूनही हवी होती. यांच्या मनात तसं काही असेलही, नसेलही. तुझ्या मनात होतं, ते माझ्यापर्यंत पोचलं. तू मला फसवलं नाहीस, महादेवी. मी लाइनवर होते, सगळं ऐकत होते. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं, आणि तुझं कालचं पत्र वाचल्यावर ते एक दिवसही राहू द्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून हे पत्र. सरांचा नियम पाठ कर, परीक्षेत तोच लिही, त्यांचं चुकत नाही. पण मार्चअखेर ट्रेनिंग पुरं करूनच ये, त्या आधी सोलापूर स्टेशनवर उतरलीस तर मी घ्यायला येणार नाही. लीलाबाईंची खुर्ची तुझी आहे, आणि यांची ती छत्रीही तुझ्यासाठीच काढून ठेवलीय, दुरुस्त करून आणली तेव्हापासून मी उघडली नाही. भिमाचा मेहुणा शनिवारी नागपूरला निघतोय, त्याच्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवतेय. गाठोडं मिळालं की वळकटी सोड, वह्या बाजूला ठेव, आणि आधी जेवून घे.

इथं लाइनवर थांबलेली,
तुझीच,
प्रभाताई